टिक्का व तांबेरा सोसणाऱ्या भुईमुगाची पैदास

उत्तरा नक्षत्र निघून हस्ताचा पाऊस लागला, म्हणजे ज्यानें मृगाच्या ओलीवर भुईमूग पेरला असेल त्यानें शेतांत जाऊन थोडें वांकून पाहावें. बांधावरून पीक हिरवें दिसतें. परंतु झुडुपाच्या बुडाशीं हात घातला तर खालचीं पानें गळून मातीवर पडलेलीं व काड्या उघड्या झालेल्या आढळतात. पुढील पंधरवड्यांत ही गळ वर वर चढत जाते, आणि काढणीच्या सुमारास कित्येक शेतांत शेंड्यावरचीं चार पानें तेवढीं शिल्लक राहतात. आमच्याकडे यालाच "पीक पिकलें" असें म्हणण्याची चाल आहे. वास्तविक तें पिकणें नव्हे. तो रोग आहे. आणि शेंगांत दाणा भरण्याचे जे शेवटचे तीनचार आठवडे, नेमक्या त्याच वेळीं तो झाडाचें अन्न तयार करण्याचें साधन काढून घेतो.

हा रोग सोसणारी आणि तरीही शेंगांनीं लगडणारी जात मिळावी म्हणून पैदासकारांनीं जे परिश्रम केले, त्यांची हकीकत आमच्या सभासदांस सांगावी असें बरेच दिवस मनांत होतें. बियाण्याच्या पिशवीवर "रोगप्रतिकारक" असा शब्द छापलेला पाहून कोणी हुरळून जातो, तर एका हंगामांत निराशा झाली म्हणून कोणी असें सर्वच बियाणें थोतांड समजतो. दोघांचाही समज अपुरा आहे. पाला टिकणें आणि पीक जास्त येणें या दोन निराळ्या गोष्टी असून त्यांची सांगड घालण्यास चाळीस-पन्नास वर्षें लागलीं आहेत. ती सांगड कशी घातली गेली हें कळलें, म्हणजे बियाणें निवडतांना व पीक काढतांना कोठें जपावें हेंही पुष्कळसें कळून येतें.

प्रथम रोगांची ओळख करून घेऊं. भुईमुगाच्या पानांचे मुख्य रोग तीन, व तिन्ही बुरशीपासून होणारे. त्यांपैकीं दोन आपण टिक्का या एकाच नांवानें ओळखतों. लवकर येणारा टिक्का पेरणीनंतर महिन्या-सवा महिन्यानें दिसूं लागतो. त्याचे ठिपके तपकिरी व कांहींसे वेडेवांकडे असून भोंवतीं पिवळें कडें असतें. उशिरां येणारा टिक्का सातआठ आठवड्यांनंतर जोर करितो. त्याचे ठिपके लहान व गोल असतात, आणि पान उलटून पाहिलें तर खालच्या बाजूनें ते काजळीसारखे काळे दिसतात. बुरशीचीं बीजें याच खालच्या बाजूस धरतात. तिसरा रोग तांबेरा. यांत पानाखालीं नारिंगी-तांबूस पुटकुळ्या येतात व बोट फिरविल्यास तांबडी भुकटी बोटास लागते. टिक्क्याचें पान गळून पडतें, तांबेऱ्याचें पान वाळून काडीलाच लटकत राहतें. एवढी एक खूण लक्षांत ठेवली तरी दोहोंची गल्लत होणार नाहीं. तांबेरा हा आपल्या देशांत जुना नव्हे. पूर्वी तो बहुतांशीं दक्षिण अमेरिका व वेस्ट इंडीज बेटें यांपुरता होता. १९७० च्या आगेंमागें त्याची भारतांत नोंद झाली, आणि थोड्याच वर्षांत भुईमुगाचा एकही मोठा मुलूख त्यापासून मोकळा राहिला नाहीं.

उशिराचा टिक्का व तांबेरा हे बहुधा जोडीनें येतात, आणि जोडीनें आले तर अर्ध्याहून अधिक पीक बुडाल्याच्या नोंदी संशोधन केंद्रांच्या दप्तरीं आहेत. शिवाय कांहीं नुकसान असें आहे कीं तें कोणी मोजीत नाहीं. टिक्क्याचे डाग केवळ पानावर पडत नाहींत. ते काडीवर व आऱ्यांवरही पडतात. त्यामुळें आऱ्या कुजक्या होतात आणि झाड उपटतांना शेंगा तुटून जमिनींतच राहतात. मग मजूर लावून माती चाळावी लागते, किंवा त्या शेंगा उंदीर-कावळ्यांच्या वांट्यास जातात. पाला गेला तो निराळाच. ज्या घरीं बैलजोडी किंवा दुभतें जनावर आहे, त्या घरीं भुईमुगाचा हिरवा पाला ही काय वस्तु आहे हें सांगण्याची गरज नाहीं.

औषध मारून हे रोग आवरतां येतात, हें आम्हांस मान्य आहे. पूर्वी गंधकाची भुकटी व बोर्डो मिश्रण वापरीत असत. आतां मॅन्कोझेब, क्लोरोथॅलोनिल, टेब्युकोनॅझोल यांसारखीं पुष्कळ औषधें निघालीं आहेत. परंतु जिराईत शेतकऱ्याची अडचण औषधाच्या गुणाची नसून वेळेची व पैशाची आहे. ज्या आठवड्यांत रोग फैलावतो त्याच आठवड्यांत झड लागलेली असते. मारलेलें औषध धुवून जातें, आणि उघडीप मिळेपर्यंत बुरशीची आणखी एक पिढी होऊन जाते. पाऊस ओढ धरील तर पीकच हातीं लागेल कीं नाहीं याची शंका, अशा वेळीं दोनतीन फवारण्यांचा खर्च कोण करणार? म्हणून ज्याचें औषध बियाण्यांतच आहे अशी जात कोरडवाहू मुलखास खरी उपयोगाची.

आतां "रोग सोसणें" म्हणजे काय तें नीट पाहिलें पाहिजे, कारण सर्व घोंटाळा या शब्दांत आहे. लागवडीच्या भुईमुगांत या रोगांपासून सर्वस्वी अलिप्त अशी जात नाहीं. जी जात आपण प्रतिकारक म्हणतों तिच्यावरही बुरशी येते. मात्र तिची चाल मंद होते. बुरशीचें बीज पानावर पडल्यापासून ठिपका दिसेपर्यंत अधिक दिवस लागतात, ठिपके संख्येनें थोडे व आकारानें लहान राहतात, आणि प्रत्येक ठिपक्यावर नवीन बीजें कमी धरतात. यांतील एकेक फरक किरकोळ वाटेल. पण बुरशीच्या पिढ्या हंगामांत अनेक होतात, आणि दर पिढीस थोडी थोडी तूट आली कीं अखेरीस फार मोठी तफावत पडते. व्याजाच्या आंकड्यांत दरमहा पैशाचा फरक सालाअखेर कोठल्या कोठें जातो, तसेंच हें. हा झाला प्रतिकार. सोशिकपणा त्याहून वेगळा. दोन जातींवर ठिपके सारखेच असतां एकीचें पीक निम्म्यावर यावें व दुसरीचें थोडेंच घटावें, तर ती दुसरी सोशिक. ती पानें लवकर गाळीत नाहीं, किंवा रोग चढण्यापूर्वींच पुष्कळसा दाणा भरून घेते. शेतकऱ्यास दोन्ही गुण सारखेच प्रिय. पैदासकारास मात्र ते निरनिराळे मोजावे लागतात.

याखेरीज तिसरा एक प्रकार आहे, आणि आपल्या मुलखाचा भुईमूग गेलीं शंभर वर्षें त्यावरच तगला आहे. तो म्हणजे रोगांतून निसटणें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यांत भुईमुगाची लागवड फार घटली. जुनें बीं खालावलें होतें व त्यावर टिक्क्याचा घाला पडत होता. तेव्हां शेतकी खात्यानें परदेशांतून निरनिराळें बियाणें आणवून तें आपल्या शेतांवर पेरून पाहिलें, आणि त्यांतून स्पॅनिश या नांवाची उपटी व लवकर येणारी जात पुढें आली. पसऱ्या जाती जमिनींत असतांनाच ही घरीं येत असे; रोगाचा कळस होण्यापूर्वीं तिचें बरेंचसें काम झालेलें असे. याचा परिणाम असा झाला कीं पुढील पिढ्यांच्या पैदासकारांनीं सर्व भर लवकर येण्यावर व शेंगांच्या संख्येवर दिला. पानाकडे कोणाचें फारसें लक्ष गेलें नाहीं, आणि त्यांत त्यांना दोष देतां येत नाहीं. जळगांवच्या तेलबिया संशोधन केंद्रानें परदेशी वाणांतून निवडलेली व १९७८ सालीं प्रसृत झालेली जेएल २४, म्हणजे फुले प्रगति, ही तिच्या लवकर येण्यामुळें देशाच्या अनेक प्रांतांत गेली. १९९१ सालची टीएजी २४ ही तुर्भ्याचें भाभा अणुसंशोधन केंद्र व अकोल्याचें कृषि विद्यापीठ यांच्या सहकार्याची. तिचें झाड ठेंगणें असून आपलें अन्न काडीपाल्यांत न घालवितां शेंगांत घालण्यांत ती पटाईत आहे. क्ष-किरणांनीं बियाण्यांत बदल घडवून नवीन वाण काढण्याचा जो उद्योग तुर्भ्यास चालला, त्याच घराण्यांतली ती. या दोन्ही जातींनीं शेतकऱ्याचें कल्याण केलें आहे. परंतु तांबेरा व उशिराचा टिक्का यांपुढें दोन्ही दुबळ्या आहेत, हेंही तितकेंच खरें.

रोगास दाद न देणारीं झाडें मुळींच सांपडत नव्हतीं असें नाहीं. हैदराबादजवळ पाटणचेरू येथें १९७२ सालीं इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या संग्रहांत आज भुईमुगाचे पंधरा हजारांहून अधिक नमुने आहेत. तेथें हे नमुने रोगाच्या तोंडीं देऊन पाहतां, तांबेरा व टिक्का या दोहोंस तोंड देणारे कित्येक वाण हातीं लागले, आणि त्यांतील पुष्कळ दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाचे निघाले. पण त्यांच्या शेंगा पाहून कोणाही व्यापाऱ्यानें नाक मुरडलें असतें. टरफल जाड व खोल रेघांचें, दाण्याचा उतारा कमी, कित्येकांच्या दाण्याचा रंग जांभळा, आणि तयार होण्यास लागणारा काळ इतका कीं आपल्याकडील पाऊस त्यापूर्वींच संपावा. त्यांचा संकर आपल्या जातींशीं करून कांहीं प्रतिकारक वाण निघाले व प्रसृतही झाले. परंतु पाल्याबरोबर जाड टरफल व उशीर हे अवगुण थोडेबहुत बरोबर आलेच. शेतकऱ्यांनीं ते वाण पेरून पाहिले आणि बहुतेक ठिकाणीं पुन्हां आपल्या जुन्या जातीकडे ते वळले.

असें कां व्हावें? याचीं कारणें दोन सांगतां येतील. एक तर, गुण ज्यांच्या द्वारें बापाकडून मुलाकडे उतरतात तीं जनुकें माळेंतील मण्यांप्रमाणें गुणसूत्रावर ओंवलेलीं असतात. हवा तो मणी उचलतांना शेजारचे नको असलेले मणीही त्याबरोबर येतात, व दोर नेमका हव्या त्या जागीं तुटेपर्यंत ते सुटत नाहींत. दुसरें कारण झाडाच्या प्रपंचांतलें आहे. जें झाड आपलें सर्व अन्न घाईनें शेंगांत ओततें त्याचीं पानें लवकर म्हातारीं होतात, आणि उशिराचा टिक्का म्हाताऱ्या पानावर अधिक मातो. म्हणजे लवकर येणें व पाला टिकणें यांत थोडेंसें हाडवैर आहे. पहिली अडचण मेहनतीनें व संख्येनें सुटते. दुसरीशीं तडजोड करावी लागते.

भुईमुगाचा संकर करणें हें मूळचेंच किचकट काम आहे, तें एकदां डोळ्यांनीं पाहण्यासारखें असतें. फूल उमलण्यापूर्वींच त्याचें परागसिंचन आपल्या आपण होऊन जातें. त्यामुळें आदल्या संध्याकाळीं कळी चिमट्यानें अलगद उघडून तिच्यांतील पुंकेसर काढून टाकावे लागतात, आणि दुसऱ्या दिवशीं पहांटेस दुसऱ्या जातीचा पराग आणून लावावा लागतो. कळी इतकी नाजूक असते कीं कित्येक तेव्हांच मोडतात. ज्या फुलावर काम केलें त्याला दोरा बांधून खूण करावयाची, त्याच झाडावरील इतर फुलें रोज खुडावयाचीं, आणि आरी जमिनींत शिरल्यावर ती कोणत्या फुलाची हें विसरावयाचें नाहीं. इतकें करून शेंगेंत दाणे मिळतात एक किंवा दोन. त्यांतून पुढील पिढ्यांत हजारों झाडें वाढवून निवड करावयाची. ज्वारी-बाजरीच्या पैदासकारास एका कणसांत जितकें बीं मिळतें तितक्यासाठीं भुईमुगाच्या पैदासकारास कंबर मोडावी लागते.

असें असतांना या कामास खरी कलाटणी मिळाली ती एका रानटी नातेवाइकाकडून. लागवडीच्या भुईमुगाच्या पेशींत गुणसूत्रें चाळीस असतात. तो मुळांत दोन रानटी जातींच्या मिलाफानें दक्षिण अमेरिकेंत उत्पन्न झाला. हा मिलाफ बहुधा एकदांच घडला असल्यामुळें सगळ्या जगाचा भुईमूग एका लहानशा कुटुंबासारखा आहे. त्याच्या रक्तांत नवेपणा थोडा. परंतु त्याच्या रानटी भाऊबंदांत विविधता भरपूर आहे, व त्यांपैकीं *अरॅकिस कार्डेनासी* नांवाचें एक झाड उशिराच्या टिक्क्यास व तांबेऱ्यास फार थोडी दाद देतें. ग्रेगरी, क्रापोविकास व पिएत्रारेली या तिघां शोधकांनीं बोलिव्हिया देशांतून त्याचें बीं गोळा केलें. त्यांच्या नांवांच्या आद्याक्षरांवरून त्या नमुन्यास जीकेपी १००१७ असा क्रमांक पडला.

आतां अडचण अशी कीं या रानटी झाडाचीं गुणसूत्रें वीसच. चाळीसवाल्याशीं त्याचा संकर केला तर संततींत तीस येतात, त्यांची जोडीनें वांटणी नीट होत नाहीं, आणि झाड फुलतें पण फळत नाहीं. घोडी व गाढव यांच्या खेंचराची जी गत तीच. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील उत्तर कॅरोलिना संस्थानांत शास्त्रज्ञांनीं या कामास हात घातला. अशा वांझ झाडास कोल्चिसिन या औषधानें उपचार केला तर त्याचीं गुणसूत्रें दुप्पट, म्हणजे साठ, होतात व झाडास पुन्हां फलधारणा होऊं लागते. मग पिढ्यान् पिढ्या त्याचें बीं धरीत, किंवा लागवडीच्या जातीशीं पुन्हां पुन्हां मिलाफ करीत गेलें, म्हणजे जादा गुणसूत्रें गळत जाऊन अखेर चाळीसवालीं झाडें मिळतात. तीं दिसतात भुईमुगासारखींच. पण त्यांच्या पोटांत रानटी नातेवाइकाचा एखादा तुकडा बसलेला असतो. हें बीं पुढें एका देशांतून दुसऱ्या देशांत, एका पैदासकाराकडून दुसऱ्याकडे असें हिंडत राहिलें. किती दूर गेलें याची दाद खुद्द पैदासकारांसही नव्हती. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानें वंशावळी व जनुकें ताडून असें दाखविलें कीं, आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलियाकडील मुलूख व दोन्ही अमेरिका येथील कित्येक रोगप्रतिकारक जातींत त्या एकाच बोलिव्हियन नमुन्याचा अंश आहे. त्या काळीं बीं मोकळेपणानें देतां-घेतां येत असे. आज देशोदेशींच्या कायद्यांमुळें ही देवघेव पुष्कळ आकसली आहे. आपल्या देशाचें धन राखावें हें योग्यच, पण ज्या देवघेवीनें आपलाही फायदा झाला तीच बंद पडावी, हें आम्हांस बरें वाटत नाहीं.

त्याच वंशांतली सीएस १६, अर्थात् आयसीजीव्ही ८६८५५, ही ओळ इक्रिसॅटमार्फत आपल्याकडे आली. धारवाडच्या कृषि विज्ञान विद्यापीठांतील पैदासकारांनीं तिचा संकर केआरजी १ या उपट्या जातीशीं केला, आणि त्या संततींतून निवडीनें जीपीबीडी ४ ही जात निघाली. या शतकाच्या आरंभीं ती शेतकऱ्यांपुढें आली. ती उपटी असून एकशेंपांच ते एकशेंदहा दिवसांत तयार होते, टरफल जाड नाहीं, दाण्याचा उतारा व तेल चांगलें, आणि तांबेरा व उशिराचा टिक्का यांच्या गर्दींतही तिचा पाला शेवटपर्यंत राहतो. पेरूकडील वाणांच्या संकरांत जें जमलें नव्हतें तें येथें पुष्कळसें जमलें. रानटी झाडाचा जो तुकडा आला तो इतका नेमका होता कीं त्याच्या मागोमाग येणारे अवगुण बहुतेक मागेंच राहिले. यांत दैवाचा भाग कांहीं असेलच, पण निवडीचा भाग मोठा होता.

ही निवड कशी करतात? रोगाची वाट पाहत बसून चालत नाहीं, तो मुद्दाम आणावा लागतो. परीक्षेच्या कांहीं ओळींमागें एक ओळ अत्यंत दुबळ्या जातीची पेरतात. यासाठीं तिंडिवनमची १९४० सालची टीएमव्ही २ ही जात फार उपयोगी पडते. एका काळीं ज्या जातीनें मद्रास इलाख्यांतील शेतकऱ्यांस पैसा दिला, तिच्या नशिबीं आतां रोगाचें विरजण होण्याचें काम आलें आहे. या ओळींवर रोगट पाला टाकून, बुरशीचें पाणी शिंपडून व ओल राखून रोग भडकवितात, आणि मग दर झाडास एक ते नऊ असे गुण देतात. एक म्हणजे स्वच्छ, नऊ म्हणजे पानांचा जवळजवळ सर्व नाश. येथेंच पैदासकारास एक मोह होतो, व तो जिंकणें हीच त्याची परीक्षा. हिरवेंगार झाड दिसलें कीं तें निवडावेंसें वाटतें. परंतु पुष्कळदां तें झाड हिरवें असतें तें त्याला शेंगा थोड्या लागल्या म्हणूनच. केवळ पानावरून निवड करीत गेलें तर चार पिढ्यांनंतर वैरणीची उत्तम जात हातीं येते! म्हणून पानांचे गुण, शेंगांचें वजन, दाण्याचा उतारा व दिवस या चारही गोष्टी एकाच झाडावर पाहाव्या लागतात, आणि त्याही रोग असलेल्या व रोग नसलेल्या अशा दोन्ही ठिकाणीं. रोग नसतांना जी जात जुन्या जातीहून मागें पडते ती शेतकरी स्वीकारणार नाहीं. कारण दर साल रोग सारखा येत नाहीं.

या कामांतील श्रम अलीकडे बरेच हलके झाले आहेत. टीएजी २४ व जीपीबीडी ४ यांच्या संकराच्या संततींत शोध घेतां असें आढळलें कीं, तांबेऱ्याच्या प्रतिकाराचा फार मोठा वांटा व उशिराच्या टिक्क्याच्या प्रतिकाराचाही मोठा वांटा एकाच गुणसूत्राच्या टोंकाजवळील तुकड्यांत सांठलेला आहे, आणि हा तुकडा त्या रानटी पूर्वजाचाच. त्याच्या आसपासच्या खुणा ओळखतां येऊं लागल्या, म्हणजे रोपाच्या कोंवळ्या पानाचा तुकडा तपासून त्यांत प्रतिकार आहे कीं नाहीं हें रोगाची वाट न पाहतां सांगतां येतें. या युक्तीनें इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनीं जीपीबीडी ४ मधील तो तुकडा आयसीजीव्ही ९१११४, टीएजी २४ आणि आपली जळगांवची जेएल २४ या तीन जातींत उतरविला, व २०१४ सालीं तें काम प्रसिद्ध केलें. रीत अशी कीं एकदां संकर केल्यावर संततीचा मिलाफ पुन्हां पुन्हां जेएल २४ शींच करीत जावयाचें, आणि दर पिढीस फक्त तो तुकडा असलेलीं रोपें ठेवावयाचीं. अखेर सर्व अंगानें जेएल २४ पण पानानें जीपीबीडी ४, असें झाड मिळतें. २०१६ सालीं भुईमुगाच्या दोन्ही रानटी पूर्वजांचा व २०१९ सालीं लागवडीच्या भुईमुगाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेल्यापासून हें काम आणखी सुकर झालें आहे.

एक धोका येथेंच सांगून ठेवितों. पुष्कळ नव्या जातींची ढाल एकाच रानटी झाडाची आहे. बुरशीनें उद्यां त्या ढालीस भोंक पाडलें तर सर्वच जाती एकदम उघड्या पडतील. म्हणून दुसऱ्या रानटी भाऊबंदांचे तुकडे आणण्याचा उद्योग चालू ठेविला पाहिजे. शिवाय लवकर येणाऱ्या टिक्क्यावर ही ढाल तितकीशी चालत नाहीं. त्याविरुद्धचा प्रतिकार मिळविणें अधिक अवघड ठरलें आहे. बुंधा-कूज किंवा फुलकिड्यांमार्फत येणारी शेंडेमर यांशीं तर हिचा कांहींच संबंध नाहीं. बीजप्रक्रिया व पिकांचा फेरपालट हीं सोडून देण्यास ही सबब होऊं शकत नाहीं.

आतां शेतकऱ्याच्या हातांतली गोष्ट. पहिल्या वर्षीं आम्हीं स्वतःच्या शेतांत अशी एक पाला टिकविणारी जात लावली, तेव्हां आमचा हिशेब साफ चुकला. शेजारचा जुना वाण पानें गाळून मोकळा झाला तेव्हां तो काढला. हा मात्र हिरवागार उभा, म्हणून "अजून शेंगा भरत आहेत" असें म्हणत आम्ही थांबलों. मध्यें एक पाऊस झाला. झाडें उपटून पाहतों तों बुडाजवळच्या जून शेंगांतून मोड बाहेर आलेले! उपट्या स्पॅनिश वर्गाच्या दाण्यास झोंप नसते. दाणा पिकला व ओल मिळाली कीं तो जमिनींतच उगवतो. दोष जातीचा नव्हता. पानगळ म्हणजे पक्वता, ही जी खूण रोगानें आम्हांस पिढ्यान् पिढ्या शिकविली होती, ती रोग गेल्यावर निरुपयोगी झाली, एवढेंच. उलट चूकही होते: पाला हिरवा पाहून कोणी पीक कोंवळें समजतो, तर कोणी जुन्या वाणाच्या दिवसांवर जाऊन खरोखरीच कोंवळेंच उपटतो व दाणे सुरकुततात. म्हणून पानाकडे न पाहतां शेंगेच्या आंत पाहावें. शेताच्या चारपांच जागचीं झाडें उपटून शेंगा फोडाव्या. टरफलाची आंतली बाजू पांढरी असेल तर थांबावें. ती तपकिरी-काळसर झाली असून दाण्यास त्याच्या जातीचा रंग चढला असेल, व अशा शेंगा चारांत तीन निघत असतील, तर पाऊस येण्याची वाट न पाहतां काढणी करावी.

ज्या सभासदांस नवीन जात घ्यावयाची असेल त्यांनीं सर्व शेत एकदम तिच्या हवालीं करूं नये. एकाच तुकड्यांत, एकाच दिवशीं, जुन्या वाणाच्या चार ओळी व नव्याच्या चार ओळी अशा आळीपाळीनें दोनतीन वेळां पेराव्या, आणि अर्ध्या भागावर औषध मारून अर्धा तसाच ठेवावा. काढतांना कडेच्या ओळी सोडून मधल्या दोनच धराव्या. शेंगा नीट वाळल्यावर वजन करावें, त्यांतून एक किलो शेंगा फोडून दाणे किती निघतात तें पाहावें, आणि वाळलेल्या पाल्याचेंही वजन घेण्यास विसरूं नये. ज्या वर्षीं रोग हलका आला त्या वर्षीं दोन्ही वाण सारखे उतरतील. त्यावरून निकाल न देतां पुढील हंगामही पाहावा. रोगाच्या वर्षीं औषध न मारलेल्या भागांतील नव्या जातीचें पीक औषध मारलेल्या जुन्या जातीच्या पिकाच्या आसपास आलें, तर फवारणीचा खर्च तिच्या खात्यावर जमा धरावा.

बियाण्यासाठीं ठेवावयाच्या शेंगा याच वेळीं वेगळ्या काढाव्या. दुसऱ्या वाणाचें झाड मिसळलेलें असेल तर तें पाल्यावरून हस्ताच्या सुमारास चटकन् ओळखतां येतें. रोगानें उघडें पडलेलें झाड काडी लावून खूण करून ठेवावें व काढणीच्या आधीं उपटून टाकावें. राखलेल्या शेंगा फोडूं नयेत. टरफलासह कोरड्या जागीं ठेवून पेरणीच्या सुमारासच फोडाव्या. काढलेल्या शेतांत मागाहून आपोआप उगवलेलीं रोपेंही राहूं देऊं नयेत. तांबेरा एका हंगामांतून दुसऱ्यांत जातो तो मुख्यतः अशाच हिरव्या रोपांवरून, आणि टिक्का जातो तो पडलेल्या पाल्यावरून. तेव्हां रोपें उपटावीं व उरलेला पालापाचोळा खोल नांगरटींत गाडावा.